टोळीचा म्होरक्या आमच्याच घरी

तीर्थरूप दादास,

तुझ्या धाकट्या भंगारवाल्या बहिणीचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून. काट्याखाली घरंगळलेलं वजन उचलायला वाकले होते, त्यातच तुझाही नमस्कार उरकला.) वहिनीचा गुडघा, तुझं पित्त आणि तुमच्या ऑफिसातला तो नवा एसी, या तिघांचंही ठीक चाललं असेल अशी आशा करते. आमची चौकशी तू सहसा करत नाहीस, पण केली असतीस तर कळवलं असतं की आम्हीही अगदी मजेत आहोत. फक्त येत्या सोमवारच्या सुनावणीत आमच्या दुकानाचा परवाना जाणार की अण्णांवर चोरीचा खटला भरणार, एवढं ठरायचं राहिलंय. दोन्हींपैकी एक नक्की आहे, तेव्हा काळजी नसावी.

पण आधी तुझं अभिनंदन. तुझ्या सहीचं परिपत्रक परवा इथल्या कचेरीच्या भिंतीवर लागलं आणि तपासनिसांनी मला मुद्दाम बोलावून ते वाचायला लावलं. मथळाच मोठा झोकदार आहे: भंगार व्यापार नियमनाचं पहिलं यश. खाली लिहिलंय की रस्त्यावरची बिडाची झाकणं लांबवणारी सराईत टोळी नव्या नियमांमुळे उघडकीस आली, टोळीचा वयस्कर म्होरक्या छायाचित्रासह निष्पन्न झाला, आणि याचं सगळं श्रेय समितीच्या दूरदृष्टीला आहे. वाचून माझा ऊर भरून आला. दादा, तो वयस्कर म्होरक्या या घटकेला माझ्यासमोर कॉटवर बसून पायाची नखं काढतोय आणि जेवणात मीठ कमी होतं म्हणून सकाळपासून धुसफुसतोय. तू त्यांना चांगला ओळखतोस. तुझं नाव त्यांनीच ठेवलंय. छायाचित्र परिपत्रकाच्या मागच्या पानावर आहे, पण सही करताना मागचं पान उलटून बघायची तुम्हा साहेबलोकांत पद्धत नसावी.

आता हे कसं घडलं ते पहिल्यापासून सांगते, कारण नियम तू केलेस खरे, पण ते राहायला माझ्याकडे आहेत.

धातूची चोरी थांबावी म्हणून तुम्ही भंगारवाल्यांना वेसण घातलीत, याला माझी मुळीच हरकत नव्हती. पुलाच्या पायऱ्यांचा लोखंडी कठडा कुणीतरी कापून नेला तेव्हा शाळेतल्या बाई घसरून हात मोडून बसल्या. पंपघराची तांब्याची केबल गेली तेव्हा आमची अख्खी गल्ली कोरडी होती. असला माल माझ्या दारात आला तर मी शिव्या घालून परत धाडते, हे तुला ठाऊक आहे. (शिव्या कुठे शिकले ते विचारू नकोस, आपण एकाच घरात वाढलोय.) म्हणून परवाना काढायच्या रांगेत मी पहिली होते. शेवटचीही मीच होते, कारण गावातल्या बाकी सगळ्या भंगारवाल्यांनी त्या दिवशी शहाणपणाने दुसरी कामं काढली होती. परवाना हातात पडला तेव्हा आमच्या ह्यांनी तो काचेच्या चौकटीत लावून काट्याच्या वर टांगला. त्या दिवसापासून आमची जी वरात निघाली ती अजून घरी पोचलेली नाही.

तुमचा नियम म्हणतो, फाटकातून जो कोणी जी काही धातूची वस्तू आत आणील त्याचं ओळखपत्र बघा, ती वस्तू हातात धरून त्याचा फोटो काढा, वस्तूला चिठ्ठी बांधा, आणि जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून तीन आठवडे तिला हात लावू नका. कापायची नाही, वितळवायची नाही, नुसती घासायचीसुद्धा नाही. पिंजऱ्यात माल सारायला एकतर्फी झडप, बाहेर काढायच्या दाराला मात्र दोन कुलपं, एक किल्ली माझ्याकडे, दुसरी तपासनिसांकडे. मी म्हटलं, ठीक आहे. पण 'जो कोणी' आणि 'जी काही' हे शब्द ज्याने लिहिले त्याने कधी भंगाराचं दुकान आतून बघितलंय का? आमचे हे घरचा बंद पडलेला टेबलफॅन दुरुस्तीला घेऊन आले तर मला माझ्याच नवऱ्याचं ओळखपत्र मागावं लागलं. त्यांनीही ते मुकाट्याने दाखवलं आणि पंखा छातीशी धरून फोटो काढून घेतला. (आमच्या लग्नातसुद्धा ह्यांचा एवढा हसरा फोटो नाही.) पंखा पिंजऱ्यात गेला आणि आम्ही तीन आठवडे वर्तमानपत्राने वारा घेतला.

तपासनिसांना आम्ही घरात गॉगल म्हणतो. पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे भरदुपारी दिवा लावावा लागतो, तिथेही ते काळा चष्मा काढत नाहीत. भंगाराचं तेज त्यांना सोसत नसावं. पहिल्याच भेटीत त्यांनी मला तासभर झापलं की नियमात सवलत कुणालाच नाही, सख्ख्या बापालाही नाही. (हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.) झापून घसा कोरडा झाला म्हणून पाणी प्यायले आणि आपली स्टीलची बाटली माझ्या टेबलावर विसरून गेले. आता तूच सांग, मी काय करायला हवं होतं? फाटकातून धातूची वस्तू आत आली होती. मी बाटलीला चिठ्ठी बांधली आणि पिंजऱ्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी ते न्यायला आले, तर त्यांच्याकडे एक किल्ली, माझ्याकडे दुसरी, मध्ये तुझा नियम, आणि आम्ही दोघं जाळीतून बाटलीकडे बघत उभे. ते बाटलीशिवायच परत गेले. पण त्या दिवसापासून आमच्या दुकानाची तपासणी जरा जास्तच मायेने होऊ लागली.

आणि खऱ्या चोरांचं काय झालं म्हणशील, तर त्यांचं छान चाललंय. जुन्या थिएटरच्या मागे टकल्या नावाचा एक गृहस्थ बसतो. त्याच्याकडे फाटक नाही, फलक नाही, परवाना नाही, काटाही बहुतेक नाही, नुसत्या हाताने उचलून वजन सांगतो. पुलाचा कठडा त्याच्याकडे गेला, केबल त्याच्याकडे गेली, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. नियमाप्रमाणे मी फाटकाबाहेर जाड पत्र्याचा फलक लावला होता, 'येथे चोरीचा माल घेतला जात नाही.' आठवड्यात तो फलकच चोरीला गेला. शोधत गेले तर टकल्याच्या दाराशी गटारावर पालथा घातलेला, लोक त्याच्यावरून ये-जा करताहेत. मी धावत जाऊन गॉगलना सांगितलं. त्यांनी शांतपणे मला समजावलं की टकल्याकडे परवाना नाही, सबब तो त्यांच्या अखत्यारीत येत नाही, तपासणी फक्त परवानाधारकांचीच करता येते. मग माझा फलक जागेवर नाही म्हणून मला लेखी समज दिली. घरी येईपर्यंत मला हसू आवरत नव्हतं, आणि घरी आल्यावर मी बादली आपटली.

आता अण्णांकडे वळते. पाणी खात्यात फिटर म्हणून त्यांनी जन्म काढला, आणि त्या खात्याची जुनी रीत तुलाही माहीत आहे: रस्त्यावरचं व्हॉल्व्हचं झाकण खडखडायला लागलं की ज्याने ते बसवलं त्यालाच बोलावणं जायचं, मग तो रजेवर असो नाहीतर तापाने फणफणलेला असो. ज्याने बसवलं, तोच येणार. तुझ्या लग्नात ऐन जेवणाच्या वेळी अण्णा हातातला घास टाकून चौकातलं झाकण बघायला गेले होते आणि तू पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हतास, आठवतं? खात्याने ती रीत कधीच मोडीत काढली. अण्णाही निवृत्त झाले. पण कुणाचं तरी बोलावणं आलंय असं त्यांना अजून वाटतं. दुपारी जरा डोळा लागतो न लागतो तोच रस्त्यावरून एखादी गाडी जाते, झाकण खडखडतं, आणि हे ताडकन उठून बसतात. झाकण कुठलं हे आवाजावरून सांगतात. (खरं सांगतात की ठोकून देतात कोण जाणे, आपण थोडंच तपासायला जातोय? निम्म्या वेळा मला तरी सगळे आवाज सारखेच वाटतात.)

त्यांनी पाणी खात्यात अर्ज केला. खात्याने सांगितलं, रस्ते खात्याकडे जा. रस्ते खात्याने सांगितलं, झाकण पाण्याचं आहे. मग अण्णांनी अर्ज बंद केले आणि हातगाडी काढली. चौकातलं एक झाकण उचलून दुकानात आणलं, माझ्या मशीनवर त्याचा काठ घासून सारखा केला, खाली जुन्या टायरची पट्टी बसवली आणि संध्याकाळच्या आत परत नेऊन ठेवलं. कुणाला पत्ताही लागला नाही, आणि मीही म्हटलं, चला, म्हाताऱ्याचं मन रमतंय. पण हे झालं परवाना यायच्या आधी. परवाना आल्यावर अण्णा दुसरं झाकण घेऊन फाटकातून आत शिरले, तेव्हा माझ्या डोक्यात गॉगलचं ते वाक्य घुमत होतं. सख्ख्या बापालाही नाही. मी ओळखपत्र मागितलं. अण्णांनी आधी मला वेड्यात काढलं, मग फोटो म्हटल्यावर एकदम खुलले. केस विंचरून आले, झाकण पोटाशी धरून उभे राहिले, पहिला फोटो हलला म्हणून ह्यांच्याकडून दुसरा काढून घेतला. आणि मी, तुझी आज्ञाधारक बहीण, झाकणाला चिठ्ठी बांधून ते पिंजऱ्यात टाकलं. झालं. आता तीन आठवडे ना ते घासता येणार, ना परत बसवता येणार.

कुणी शहाणा असता तर थांबला असता. आपले अण्णा म्हणाले, एक अडकलं म्हणून बाकीच्यांनी खडखडत बसायचं का? आणि ते तिसरं घेऊन आले. मग चौथं. मी भांडले, ओरडले, दोन दिवस अबोला धरला, हातगाडीचं चाक काढून लपवलं. (चाक त्यांना सापडलं. फिटरपासून चाक लपवणारी मी मूर्ख.) उघड्या खड्ड्यात कुणी पडू नये एवढी काळजी मात्र ते घेत. प्रत्येक खड्ड्यावर आमच्या घरातली एकेक खुर्ची ठेवायची आणि तिच्या पाठीला लाल चिंधी बांधायची. वहिनीने हौसेने पाठवलेला लाल टेबलक्लॉथ असा कामी आला, तिला सांगायला हरकत नाही. एका खुर्चीवर पोस्टमन रोज दुपारी खड्ड्यात पाय सोडून डबा खातो. आम्ही मात्र जमिनीवर बसून जेवतो. बाकीचा वेळ अण्णा हातात पाना घेऊन पिंजऱ्याच्या जाळीपाशी उभे असत, तुरुंगात कुणाला भेटायला गेल्यासारखे, आणि आतल्या झाकणांचं काय काय करायला हवं ते मला ऐकवत.

मग पाणी खात्याला अचानक जाग आली. ज्यांना झाकण बघायला यायची फुरसत नव्हती, त्यांनी झाकणं चोरीला गेल्याची तक्रार मात्र एका दिवसात ठोकली. गॉगल फौजफाटा घेऊन आले. शोधायला फार कष्ट पडले नाहीत, कारण फाटक मीच उघडलं आणि चहाही मीच टाकला. झाकणं पिंजऱ्यात ओळीने मांडलेली, प्रत्येकाला चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीला आपल्या जन्मदात्याचा केस विंचरलेला फोटो. एवढा व्यवस्थित पुरावा त्यांनी उभ्या नोकरीत बघितला नसेल. त्यांनी सगळ्यात आधी स्वतःची बाटली बाहेर काढली, तिची मुदत भरली होती. मग पंचनामा केला. टकल्याकडे गेलेला माल दुसऱ्या दिवशी पत्ता न लागता वितळवला जातो, आणि माझ्याकडचा तीन आठवडे मखरात बसतो. चोरी पकडायला तुमचा नियम अगदी उत्तम आहे दादा, फक्त ती जो लपवत नाही त्याच्याचकडे सापडते.

गॉगलनी आम्हा दोघांना कचेरीत बसवलं आणि सरळ दोन वाटा सांगितल्या. माल चोरीचा आहे हे मला माहीत नव्हतं, अण्णांनी मला फसवलं, असं मी लिहून दिलं तर परवाना वाचेल आणि अण्णांवर खटला होईल. मला माहीत होतं म्हटलं तर परवाना गेला. परवाना गेला म्हणजे दुकान गेलं, आणि ह्यांची कंबर धरल्यापासून या घराची चूल त्या काट्यावरच पेटते, हे काही मी तुला नव्याने सांगायला नको. मग त्यांनी अण्णांना विचारलं, तुम्ही झाकणं चोरलीत का? अण्णा टेबलावर पाना ठेवून ताठ बसले होते. म्हणाले, "झाकण मी नेलं. चोरी हा शब्द तुमचा. ते बसवलं तेव्हा तुम्ही तिथं नव्हतात, मी होतो."

गॉगलचा आवाज पहिल्यांदाच जरा नरमला. (माणूस अगदीच वाईट नाही, चष्म्याआड काय आहे ते दिसत नाही इतकंच.) त्यांनी तिसरी वाट काढली. वयामुळे भान राहत नाही, काय करतो ते कळत नाही, असं अण्णांनी लिहून द्यायचं. मग ना खटला, ना परवाना रद्द, झाकणं परत, प्रकरण बंद. मला वाटलं सुटलो. अण्णांनी कागद वाचला, परत केला आणि म्हणाले, "माझं डोकं जागेवर आहे. खडखडतंय ते झाकण." त्यावर मी तिथेच रडले, दादा. अण्णांचा राग आला म्हणून रडले, आणि त्यांचं खरं होतं म्हणूनही रडले. कुणाला काय बोलावं ते कळेना, म्हणून शेवटी तुला मनातल्या मनात दोन शब्द ऐकवले. ते या पत्रात लिहीत नाही.

असो. बाकी सर्व क्षेम. वहिनीला नमस्कार, पोरांचे गालगुच्चे, आणि तुझ्या समितीतल्या थोर मंडळींना फाटकाबाहेरूनच दंडवत. त्यांनी आत मात्र येऊ नये. चष्म्याच्या काड्या धातूच्या असतात.

तुझी धाकटी,
परवानाधारक (सोमवारपर्यंत)

ता. क. : खरं काम लिहायचं राहूनच गेलं. सोबत एक कागद जोडला आहे. गॉगल म्हणाले की अण्णा सही करत नसतील तर थोरल्या मुलाची चालेल. वडिलांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे एवढंच त्यात लिहिलंय. फुली मारली आहे तिथे सही कर आणि उलट टपाली पाठव. तुला सह्यांची सवय आहे, मागचं पान उलटायचीही गरज नाही, ते कोरं आहे.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवायला डिंक आणायला चौकातल्या दुकानात गेले होते. परवाना यायच्या आधी अण्णांनी नीट करून ठेवलेलं ते पहिलं झाकण तिथेच आहे. मी उभी असताना त्याच्यावरून पाण्याचा भरलेला टँकर गेला. मी कान देऊन ऐकलं. काहीच ऐकू आलं नाही. दुकानदाराने विचारलं, ताई, काय झालं? मी म्हटलं, काही नाही झालं. आणि डिंक तिथेच विसरून घरी आले. तो कागद मी पाकिटातून काढून घेतला आहे. दुसऱ्या कुठल्या कागदावरही तशी सही करू नकोस. पाठवलीस तरी मी ती सोमवारी दाखवणार नाही. तू स्वतः ये. ज्याच्या सहीने अण्णा म्होरक्या झाले, त्याने त्यांच्या शेजारी बसलेलं सगळ्यांना दिसू दे. तिथे काय बोलायचं ते तुझं तू बघ, मला फक्त तू तिथे असायला हवा आहेस. आणि येताना तुझ्यापुरती खुर्ची आण. घरात आता एकही उरलेली नाही.

अगदी शेवटचं : आत्ता अण्णांनी नखं काढून झाल्यावर विचारलं, एवढं मोठं पत्र कुणाला? म्हटलं, दादाला, त्याच्या नियमाबद्दल. ते उठून खिडकीपाशी गेले, बाहेरून एक गाडी गेली, कुठलंसं झाकण वाजलं, आणि त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "नियम त्यानं बसवलाय ना? मग खडखडतोय म्हणून कळव. येईल तो."

तर दादा, कळवलं.